बोरसे मॅडमच्या दोन गोमी

केळीचा चीक कपड्यावर पडला की निघत नाही. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं आमच्या घरी करून झालेलं आहे. पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, दुसऱ्या दिवशी तपकिरी होतो आणि आठवड्याभरात काळा. माझे आईवडील मुक्ताईनगरकडच्या आमच्या गावात दुसऱ्यांच्या बागांमधून केळीचे घड वाहायचे. खांद्यावर काळा डाग नसलेला कपडा आमच्या घरात नव्हता. कापणारा कोयत्याने घड उतरवायचा आणि वाहणारे तो उचलून बांधापर्यंत आणायचे, तिथे ट्रक उभा असायचा. वडील दोन खांद्यांवर दोन घड न्यायचे, आई डोक्यावर चुंबळ ठेवून एक. बाग संपली की काम संपलं. पुढच्या बागेचा निरोप येईपर्यंत चूल दिवसातून एकदाच पेटायची आणि तिच्यावर बऱ्याचदा कच्च्या केळ्यांची भाजी असायची. ती भाजी आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण बोरसे मॅडमनी मला पहिल्यांदा ओळखलं ते त्या डागावरून.

बारावीला मला चांगले गुण पडले. जळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला आणि सरकारी वसतिगृहात खोलीही मिळाली. माझ्याकडे दोन ड्रेस होते. त्यातल्या एकाच्या उजव्या खांद्याला डाग होता, म्हणून ओढणी नेहमी उजव्या खांद्यावर पिनेने पक्की करायची, तरी कडेने तो थोडा डोकावायचाच. कोणी विचारलं, “कविता, वडील काय करतात?” तर मी सांगायचे, “केळीचा धंदा आहे.” खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मायक्रोप्रोसेसरला बोरसे मॅडम आल्या. ठेंगण्या, सुती साडी, जाड काचांचा चष्मा. इतर बायका अंबाड्यात आकडा खोचतात तसा मॅडम खडू खोचायच्या. वर्गात भाषा अगदी पुस्तकी, पण मशीनशी बोलायला लागल्या की शिंदखेड्याकडची अहिराणी सुरू, ‘शे’ म्हणजे आहे, ‘शेतस’ म्हणजे आहेत, ‘बठ्ठं’ म्हणजे सगळं. प्रोसेसर शिकायचं एखादं किट चालू होत नसलं की त्याच्यावर हात ठेवून म्हणायच्या, “काय व्हयनं रे बाबा तुले? तार बठ्ठा बराबर शेतस ना?” आणि ते किट चालू व्हायचं. मुलं हसायची. मी पण हसायचे, पण दोनदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय ते.

त्यांची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या टोकाला. जळगावचं मार्चपासूनचं ऊन सगळं तिथे यायचं. खिडक्यांना ओल्या वाळ्याचे पडदे, आत हिरवट अंधार, आणि त्या अंधारात लाकडी पेट्यांमधल्या किटवरचे लाल आकडे निखाऱ्यांसारखे. दुपारी तीनच्या सुमारास लाइट जायची. आकडे विझायचे, पंखा हळूहळू फेऱ्या मोजत थांबायचा. आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम पुसला जायचा, सगळं पहिल्यापासून. मुलं कुरकुरायची. मॅडम खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायच्या.

“मॅडम, सगळं गेलं.”

“घाई कोनले शे?” त्या डोळे न उघडता म्हणायच्या.

पहिल्याच तासाला त्यांनी काडेपेटी उघडून दोन चिप तळहातावर घेतल्या आणि बाकांमधून फिरल्या. काळ्या, लांबट, दोन्ही बाजूंना बारीक पाय. हुबेहूब गोमी. ओल्या सरीत दगड उचलल्यावर पळतात ना, तशा.

“यातली मोठी कोणती?”

आम्ही निरखून पाहिलं. दोन्ही सारख्याच.

“पाय मोजा.”

मोजले. हिला चाळीस, तिलाही चाळीस. मॅडमना भलता आनंद झाला. “ही ८०८५. एका वेळी आठ बिट उचलते. ही ८०८६. एका वेळी सोळा. पाय तेवढेच, अंग तेवढंच. मग फरक कुठे आहे? तो मी सांगणार नाही. तो तुम्ही घरून आणायचा.”

हा त्यांचा नियम होता. प्रत्येक गोष्टीचं उदाहरण घरून आणायचं. पुस्तकातलं चालत नसे. पोस्टमन आणि कपाट ही उदाहरणं त्यांनी साफ बंद केली होती. म्हणायच्या, ती कोणाच्याच घरची नाहीत.

एकदा त्यांनी आम्हालाच प्रोसेसर केलं. सात जणांना सात बाकांवर बसवलं, हातात चिठ्ठ्या, प्रत्येक जण एक रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला आकडे ठेवायचा कप्पा. मधल्या बाकावर जितेश, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. ८०८५ मध्ये आठ बिटांची बेरीज, वजाबाकी जी काय व्हायची ती त्याच्याकडे येऊनच. जितेशचे आजोबा राजस्थानातून आलेले, नव्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. दहा मिनिटांत पोरगं घामाघूम झालं.

“मॅडम, सगळे माझ्याकडेच येतात! आमच्या दुकानात असंच आहे. मापायला चार जण, पण कात्री फक्त पप्पांच्या हातात. पप्पा जेवायला गेले की सगळं दुकान थांबतं.”

मॅडमनी अंबाड्यातला खडू काढला आणि फळ्यावर कात्री काढली. “८०८६ मध्ये कात्र्या जास्त आहेत. कळलं? याला म्हणायचं घरचं.”

भुसावळच्या शबानाचे वडील रेल्वेत होते. ती म्हणाली, “मॅडम, ८०८५ ला आठ तारा अशा आहेत की त्यांवरून आधी पत्ता जातो, मग माल जातो. आमच्याकडे एकाच रुळावरून आधी मेल काढतात, मग मालगाडी सोडतात. सिग्नल पडेपर्यंत मालगाडी उभी.” मॅडमनी तिला टाळी दिली, शाळकरी मैत्रिणी देतात तशी.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “कविता, तुझ्या घरून काय?”

“माझ्याकडे नाही मॅडम.”

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ओढणीकडे, पिनेकडे. “असेल,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मला त्यांचा फार राग आला. त्या राग आणणाऱ्या होत्याच. उत्तर माहीत असून न सांगणाऱ्या माणसाचा राग येतोच.

मी मग गाइड आणलं. त्यात ‘८०८५ व ८०८६ मधील फरक’ असा तक्ता होता, बारा मुद्द्यांचा. बाराही तोंडपाठ केले. आठ बिट, सोळा बिट. चौसष्ट किलोबाइट, एक मेगाबाइट. वर्षअखेरीस तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, उंच, हडकुळे, शेजारी चहाचा थर्मास. मी तक्ता म्हणून दाखवला, एकही मुद्दा न चुकवता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ८०८६ नेहमी दुप्पट वेगाने काम करतो?”

“हो सर.”

“नेहमी?”

“नेहमी सर. सोळा म्हणजे आठाच्या दुप्पट.”

त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं. “ठीक आहे, जा.”

त्या वर्षी माझे आधीच विषय राहिलेले होते. हा एक गेला आणि वर्ष गेलं. वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं, एकदा चालतं, दुसऱ्यांदा नापास झालीस तर खोली सोडावी लागेल. खोली सुटली की कॉलेज सुटलं. जळगावात भाड्याने राहण्याची आमची ऐपत नव्हती. सुट्टीत घरी गेले. आई अंगणात बसून नवीन चुंबळ वळत होती. तिने ऐकून घेतलं आणि ओरडली नाही.

“आता आखरी पाह्य कवे,” म्हणाली. “नाही जमलं तर ही तुह्यासाठीच वळू राह्यली असं समज.”

मी त्या चुंबळीकडे पाहत राहिले. जुन्या लुगड्याची, निळी, गोल.

दुसऱ्या खेपेचं वर्ष सुरू झालं. बोरसे मॅडम नापास होण्याविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत. किटवर एक बटण असतं, ते दाबलं की प्रोग्रॅम एकेक पाऊलच पुढे जातो, दाबेपर्यंत तिथेच थांबतो. मॅडम मला तीन-तीन तास त्या बटणावर बसवायच्या. एक पाऊल, मग प्रत्येक रजिस्टरमध्ये काय आहे ते वहीत लिही. परत एक पाऊल. वाळ्याचा वास, लाल आकडे, बाहेर झळांनी थरथरणारं मैदान. कधी कधी वाटायचं, हे बटण मी दाबत नाहीये, दुपारच एकेक पाऊल पुढे टाकते आहे. त्या तंद्रीत मला आमच्या बागा दिसायच्या, पानांतून गाळून येणारा तो हिरवा उजेड, आणि त्यात चालत येणारी आई. मी मान झटकायचे आणि परत बटण दाबायचे.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, “रविवारी मुक्ताबाईच्या दर्शनाला येते आहे. तुझं गाव तिथून जवळच ना?”

“लांब आहे मॅडम.”

“किती लांब?”

मला खोटं सुचलं नाही. “अर्धा तास.”

रविवारी त्या खरंच आल्या. एस.टी.तून उतरल्या, डोक्यावर पदर, हातात प्रसादाची पुडी, अंबाड्यात खडू. रविवारी तो खडू कशासाठी, हे मी विचारलं नाही. घरी कोणी नव्हतं. वडील बागेत होते, आईसुद्धा. मॅडम म्हणाल्या, “मग बागेत जाऊ.” शेवटी वाटेत मीच म्हणाले, “मॅडम, आमचा धंदा नाही. ते घड वाहतात.”

“माले माहीत शे,” त्या चालता चालता म्हणाल्या. “तुना खांदा देखा मी पहिल्याच दिवशी.”

बांधावर चिंचेच्या सावलीत मी त्यांना बसायला पोतं दिलं. आईने लांबूनच पदर सारखा केला आणि डोक्यावर घड असतानाच हसून विचारलं, “चहा ठेवू का बाई?” मॅडम म्हणाल्या, “काम होऊ द्या अक्का, आज मी शिकायला आले.” आईला ती थट्टा वाटली.

मॅडम पाहत होत्या. वडील दोन घड घेऊन यायचे, बांधावर ठेवायचे आणि परत जायचे. ट्रकवर चढवणारा दुसराच माणूस होता. तो चढवत असेपर्यंत वडिलांची पुढची खेप येऊन पडलेली. चढवणाऱ्याला थांबावं लागत नव्हतं, वडिलांनाही नाही. पलीकडच्या लहान तुकड्यात आई एकटी होती. ती घड आणायची, तीच ट्रॉलीत ठेवायची, मग पुढचा आणायला जायची. ती ठेवत असताना आणणारं कोणी नाही. ती आणत असताना ट्रॉली उभी.

मी शंभर वेळा पाहिलेलं होतं ते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

कापणारा घड जोडीजोडीने मांडत होता. दोन जोड्यांच्या मध्ये पाण्याचा पाट, घड घेऊन तो ओलांडता येत नसे. वडील एक जोडी उचलायचे, एक खेप. मध्येच मुकादमाने हाक मारली, “या जोडीतला दुसरा आन् पुढच्या जोडीतला पहिला आन रे भाऊ, तेच तयार आहेत!” वडील गेले, या जोडीतला एक घेऊन आले, परत गेले, पुढच्या जोडीतला एक घेऊन आले. दोन खेपा. घड दोनच.

“अरे!” मी म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या नाहीत.

तेवढ्यात ट्रकवाल्याला कोणीतरी सांगितलं, वर विजेची तार आहे, ट्रक पलीकडच्या बांधाला घे. ट्रक गेला. वडील नव्या दोन घडांसकट तिथेच उभे राहिले आणि जमिनीवर आणून ठेवलेल्या ढिगाकडे बघून ओरडले, “आता हे आणलेले काऊन आणले मी? जाय, बठ्ठं पहिल्यापासून!”

मॅडम इतक्या जोरात हसल्या की चिंचेवरचे पोपट उडाले. पोत्यावरून उठून त्यांनी ढिगातले घड बोटाने मोजले.

“पाच शेतस,” म्हणाल्या. “एक कमी. ८०८६ पुढचे सहा आधीच आणून ठेवतो.”

वडिलांनी मला हळूच विचारलं, “या बाईले ऊन लागलं का?”

परीक्षेला तेच परीक्षक आले. तोच थर्मास. मॅडम खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी परीक्षकांच्या पुढ्यात बसले. त्यांनी माझा मागचा कागद पाहिला असावा, कारण प्रश्न तोच आला.

“८०८६ नेहमी दुप्पट वेगाने काम करतो?”

“नाही सर.”

“का?”

तक्ता जिभेवर तयार होता. बाराही मुद्दे. मी उजव्या खांद्यावरची पिन काढली. का काढली ते सांगता येणार नाही, हात गेला आणि निघाली.

“सर, माझे वडील एका खेपेत केळीचे दोन घड आणतात, आई एक आणते. पण वडिलांना दोन वेगळ्या जोड्यांतले घड आणायला सांगितले तर त्यांनाही दोन खेपा लागतात. ८०८६ ला सोळा बिटांची माहिती विषम पत्त्यापासून, म्हणजे जोडीतल्या दुसऱ्यापासून, उचलायची असली की असंच होतं.”

ते पुढे झुकले. “आणखी?”

“वडील आणतात तेव्हा चढवणारा दुसरा असतो. दोघं एकाच वेळी काम करतात. ८०८६ मध्ये आणणारा भाग वेगळा आणि काम करणारा वेगळा, मध्ये सहा बाइटचा ढीग. आई मात्र स्वतः आणते आणि स्वतः ठेवते, ८०८५ सारखी. पण ट्रक दुसऱ्या बांधाला गेला तर वडिलांचा सगळा ढीग वाया. प्रोग्रॅमने उडी मारली की तो ढीग टाकून द्यावा लागतो.”

“मग तुमच्या आईचा काही उपयोग नाही म्हणायचा?”

मी हातातली पिन टेबलावर ठेवली.

“सर, अरुंद बांधावरून दोन खांद्यांवर दोन घड घेऊन जाता येत नाही,” मी म्हणाले. “तिथे आईच लागते. लहान काम असलं तर आठ बिट पुरतात.”

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात नाही सर. माझे आईवडील घड वाहतात.”

कॉलेजात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. परीक्षकांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्याकडे सरकवला. खिडकीपाशी मॅडमनी अंबाड्यातला खडू काढला, हातात फिरवला, परत खोचला. वळल्या नाहीत.

मॅडम आता निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहतात. मी धुळ्यातच एका लहान कारखान्यात आहे. शेतातल्या पंपांचे आपोआप चालू-बंद होणारे स्टार्टर आम्ही बनवतो, त्यांचे बोर्ड मी तयार करते. मागच्या महिन्यात पहिला पूर्ण माझा बोर्ड निघाला. तो घेऊन मी मॅडमकडे गेले. दुपारची वेळ होती, लाइट गेलेली. त्या ओट्यावर बसल्या होत्या. दिसतं आता फार कमी. अंबाडा पांढरा, त्यामुळे खडू आहे की नाही ते पटकन कळेना. होता.

बोर्ड खोक्यातून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बोटांनी चिप शोधली आणि पाय मोजले.

“चाळीस नई शेतस.”

“आता इतके पाय लागत नाहीत मॅडम.”

“किती बिट?”

“आठच.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बागेतला तो उजेड आठवला. “आठच,” त्या म्हणाल्या. “मंग तुनी माय शे ही.” मी निघते म्हणाले तर हाताने थांब म्हणाल्या. तसंच बसलो आम्ही. समोरच्या भिंतीवरून ऊन सरकत होतं. मी उठले. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर त्या डोळे मिटून बसलेल्या, बोर्डाचं खोकं शेजारी, आणि उजव्या हाताचं एक बोट हवेत खाली जात होतं, थांबत होतं, परत खाली जात होतं. एकेक पाऊल.

ती तोंडी परीक्षा मी पास झाले आणि पुढच्या वर्षी पदवीही मिळाली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. पदवीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता, त्यात मी माझ्या हाताने ‘केळीचे घड वाहणे’ असं लिहिलं. अर्ज मंजूर झाला. मी इंजिनीअर आहे.